लॅब कॅलिफोर्नियातून उचलून आयोवात आणली: मूव्हर्सना साडेतीन स्टार, मक्याच्या राज्याला चार

मूव्हिंग कंपनीवाले सारखे मेल टाकतायत की रिव्ह्यू द्या रिव्ह्यू द्या, तर हा घ्या. दोन हिवाळे काढून झाले, म्हणजे आता बोलायला हरकत नाही. कंपनीचं नाव घेत नाही कारण बिलावरून जे वाजलं ते वाजलं, पण ज्यांना लॅब हलवायचीये त्यांना उपयोग होईल म्हणून सगळंच लिहिते, मूव्हर्सचं, कागदपत्रांचं आणि ज्या राज्यात येऊन पडलो त्याचंही. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी आम्ही कोण ते. डुकरांच्या लसींवर काम करणारी १९ माणसांची कंपनी, बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास. मी लॅब ऑपरेशन्स बघते, म्हणजे फ्रीजर, परमिट, कचरा, गॅस सिलिंडर, कोण कुठली चावी हरवतो हे सगळं. आता गंमत बघा, डुकरांच्या लसी करायच्या आणि पन्नास मैलांच्या आत धड डुक्कर नाही. प्रत्येक ट्रायलला विमानानं जायचं, सँपल विमानानं परत आणायची, आणि आजूबाजूच्या सगळ्या कंपन्या माणसांच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या, त्यांना आमचं काम सांगितलं की चेहऱ्यावर एक ते हसू यायचं, तुम्हाला कळेल कसलं. लीज संपत आली, घरमालकानं नवीन भाड्याचा आकडा पाठवला आणि आमच्या सीईओ बाईंनी मीटिंगमध्ये जाहीर केलं की आपण एम्सला जातोय. आयोवा. कोणी काही बोलेना. मग मागून एकजण म्हणाला की ते आयडाहो का, बटाट्याचं? नाही रे बाबा, ते वेगळं. हे मक्याचं.

आयोवाचा हिशोब साधा आहे. माणसं साधारण ३२ लाख आणि डुकरं दोन कोटींच्या वर. देशातल्या दर तीन डुकरांमागे जवळपास एक इथलं. मका, अंडी, डुकराचं मांस, तिन्हीत पहिला नंबर. तर कागदावर आमच्यासाठी याच्याहून बरी जागा नव्हतीच, प्रश्न एवढाच होता की १८०० मैल सगळं न्यायचं कसं.

मूव्हर्स. घरसामान हलवणारे नाहीत हं, खास लॅब हलवणारे, अशा कंपन्या असतात आणि महाग असतात आणि तरी त्यांनाच घ्या. आधी एक माणूस आला, दोन दिवस नुसता फिरला, दारांची रुंदी मोजली, लिफ्टची मोजली, प्रत्येक मशीनचा फोटो काढला आणि प्रत्येक फ्रीजरच्या आतल्या रॅकना नंबर चिकटवले, म्हणजे इथे जो रॅक तिसऱ्या कप्प्यात डावीकडे तो तिथे उघडल्यावर तिसऱ्या कप्प्यात डावीकडेच. हे बारीक काम त्यांनी इतकं मन लावून केलं की मी तिथेच पाच स्टार देऊन टाकले असते. मायक्रोस्कोपसाठी त्या कंपनीचा इंजिनियर आधी बोलवायला लावला, लेझर लॉक करायला, ते मला सुचलंच नसतं. सेंट्रिफ्यूजचे रोटर वेगळे काढून फोममध्ये. आणि बायोसेफ्टी कॅबिनेट, जंतूंचं काम ज्यात करायचं ती हवा गाळणारी पेटी, म्हणजे आमच्या भाषेत हूड, त्यांना ते हातच लावत नाहीत जोवर गॅसनं आतले जंतू मारल्याचं सर्टिफिकेट समोर चिकटवलेलं दिसत नाही. बरोबरच आहे, आत काय बसलंय कुणाला ठाऊक, फिल्टरमध्ये वर्षानुवर्षांचं साठलेलं असतं.

आता फ्रीजर. उणे ८० चे सात. हे ट्रकमध्येच जनरेटरवर चालू ठेवून नेतात, आतल्या रिकाम्या जागेत ड्राय आइस भरून, आणि प्रत्येकात डेटा लॉगर जो दर पाच मिनिटांनी तापमान फोनवर टाकतो. ऐकायला फार छान. फक्त फोनवर तापमान दिसायला लागलं की माणूस झोपत नाही हे कोणी सांगत नाही.

माझ्याच शहाणपणाची एक गोष्ट इथे सांगते, कारण पुढं ती कामाला आली. आमचे मास्टर सीड, म्हणजे ज्या मूळ विषाणूपासून लसीचा प्रत्येक लॉट वाढवायचा तो, आणि पेशींची बँक, या दोन्हीचे मी दोन भाग केले. अर्धा ट्रकमध्ये, अर्धा लिक्विड नायट्रोजनच्या ड्राय शिपरमध्ये घालून विमानानं कुरियर. मूव्हर्सच्या म्होरक्यानं भुवया उंचावल्या, म्हणाला आमच्या ट्रकवर भरवसा नाही का. म्हटलं तुमच्यावर आहे हो, रस्त्यावर नाही. विमानाचा भाग दुसऱ्या दिवशी दुपारी एम्सला पोचला, आमचा माणूस तिथं उभाच होता, उघडलं, वाफ आली, आत व्यवस्थित, फोटो आला. मी निम्मी झोपले.

उरलेली निम्मी झोप वायोमिंगनं नेली. इंटरस्टेट ८० हा सॅन फ्रान्सिस्कोपासून थेट दे मोइनपर्यंत येतो, एकच रस्ता, सोप्पं वाटतं ना, पण मध्ये वायोमिंगचं ते उघडं पठार आहे, तिथं लॅरमी आणि शायेनच्या मध्ये हा रस्ता त्याच्या सगळ्यात उंच जागी जातो, ८६०० फुटांच्या वर, आणि वारा सुटला की मोठे ट्रक अक्षरशः आडवे होतात. ऑक्टोबर संपत आला होता. बर्फ आणि वारा एकदम, रस्ता बंद, आणि आमचा ट्रक रॉलिन्सच्या ट्रक स्टॉपवर उभा. चौदा तास.

रात्री दोनला आमच्या टीममधल्या एका मराठी मुलाचा फोन. "ताई, झोपलात का? सहा नंबर चढतोय." मी म्हटलं मी कुठली झोपतेय, बघतेय. उणे ७८, उणे ७४, उणे ७१. बाकीचे सहा जागच्या जागी, हाच एक आपला हळूहळू वर. सहा नंबर म्हणजे चार वर्षांची ट्रायलची सीरम सँपल. ड्रायव्हरला फोन लावला आणि इथे मी त्या माणसाचे मनापासून आभार मानते, नाव सांगत नाही पण तो वाचत असेल तर त्याला कळेल, त्यानं एवढंच विचारलं की बाई, किती मिनिटं दार उघडं चालेल. म्हटलं दीड. त्याच्याकडे जास्तीचा ड्राय आइस होता पेटीत. आधी ट्रकची मागची दारं सताड उघडून पाच मिनिटं थांबला, कारण ड्राय आइसची वाफ म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साइड, बंद जागेत शिरलं की माणूस चक्कर येऊन पडतो. मग जाड हातमोजे घालून, बाहेर वारा घोंघावतोय, डोक्याला टॉर्च, वरच्या दोन कप्प्यांत विटा रचल्या आणि दार लावलं. मला फोटो पाठवला, त्यात त्याच्या मिशीवर बर्फ. उणे ६४ पर्यंत चढून मग आकडा थांबला, अर्धा तास तिथंच, आणि पहाटे खाली यायला लागला. एकही सँपल गेलं नाही. सकाळी कळलं की कंप्रेसरचा पंखा अडकला होता, म्हणजे आमचाच जुना फ्रीजर, त्यांची चूक नाहीच.

मग साडेतीनच स्टार का? सांगते. बिल. त्या चौदा तासांचे ‘वेट टाइम’ म्हणून ताशी पैसे लावले. रस्ता सरकारनं बंद केला, आम्ही थोडाच. करारात बारीक अक्षरात होतं म्हणे, आणि होतं, मी नंतर भिंग घेऊन वाचलं. असं करत करत एकूण बिल क्वोटच्या जवळपास सव्वापट. दुसरं, इथं पोचल्यावर हूड परत सर्टिफाय करावे लागतात, हलवला की सर्टिफिकेट रद्द, हवा नीट खाली वाहतेय का, फिल्टरला भेग गेलीय का हे सगळं तपासल्याशिवाय त्यात काम करता येत नाही. ते करणारा माणूस मूव्हर्सनी ठरवलेला, तो सहा दिवस उशिरा आला. सहा दिवस हूड नाही म्हणजे सेल कल्चर नाही, पेशी वाढवणं बंद, म्हणजे सगळे शास्त्रज्ञ रिकामे, आणि रिकामे शास्त्रज्ञ म्हणजे काय असतं ते मला विचारा, प्रत्येकजण येऊन माझ्या टेबलाशी उभा. तिसरं, प्लेट रीडरचा, म्हणजे टेस्टचे निकाल वाचणाऱ्या मशीनचा, एक पाय मोडला. क्लेम केला तर म्हणे मूळ खोक्याचे फोटो पाठवा, आणि खोकं रिसायकलिंगमध्ये गेलेलं. शेवटी दुरुस्तीचे निम्मे पैसे दिले. खोकी महिनाभर ठेवा बाबांनो, कितीही अडचण होऊ दे.

आता कागदपत्रं, आणि यातलं काहीही मूव्हर्स करत नाहीत, ते फक्त आदल्या दिवशी विचारतात की परमिटची कॉपी कुठाय.

प्राण्यांचे रोगजंतू एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायचे तर कृषी खात्याचं परमिट लागतं, यूएसडीएचं, आणि ते पत्त्यासकट असतं. आमच्याकडे परमिट होतं, जुन्या पत्त्याचं. मी भोळेपणानं समजले की पत्ता बदलायचा म्हणजे बँकेत बदलतो तसा. तसं नसतं. नवीन जागा कशी आहे, दारं कुठली, ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेनं जंतू मारणारं मशीन, कुठला, कचऱ्यातले जंतू कसे मारणार, सगळं नव्यानं. आठवडे जातात. नशीब की सीईओ बाईंनी ढकलून ढकलून मला उन्हाळ्यातच अर्ज करायला लावला नाहीतर ट्रक दारात आणि विषाणू फ्रीजरमध्ये असा फोटो निघाला असता.

प्राण्यांना भूल द्यायची औषधं, केटामीन वगैरे, त्यांचं फेडरल रजिस्ट्रेशन पण जागेला चिकटलेलं. ती ट्रकमध्ये नेण्याचा विचारसुद्धा करू नका. आम्ही उरलेला साठा परत घेणाऱ्या अधिकृत कंपनीला देऊन टाकला, प्रत्येक बाटली मोजून, सह्या करून, आणि इकडे नव्यानं रजिस्ट्रेशन, नव्यानं साठा. थोडं नुकसान झालं पण डोकं शांत. रेडिओअ‍ॅक्टिव्हचं आम्ही दोन वर्षांपूर्वीच बंद केलेलं, सुटलो.

आणि माणसांचे कागद. हा भाग आपल्या लोकांनी दोनदा वाचा. आमच्यात दोघं एच वन बी वर. ऑफिस दुसऱ्या मेट्रो एरियात गेलं की नुसतं एचआरला कळवून भागत नाही, अमेंडेड पिटिशन भरावी लागते आणि ती माणूस नवीन जागी कामाला लागायच्या आधी भरावी लागते, २०१५ च्या सिमेओ सोल्युशन्स निकालापासून हे अगदी स्पष्ट आहे. ते तरी ठीक, वकील करतात. खरा घोळ ग्रीनकार्डचा. लेबर सर्टिफिकेशन, पर्म ज्याला म्हणतात, ते त्या गावच्या त्या नोकरीचं असतं. कॅलिफोर्नियातलं पर्म आयोवात चालत नाही, पहिल्यापासून, जाहिराती द्या, थांबा. ज्या मुलाचा तो रात्री दोनचा फोन, त्याचं आय १४०, म्हणजे पर्मनंतरचा कंपनीचा अर्ज, आधीच मंजूर होतं म्हणून प्रायॉरिटी डेट तरी टिकली. रांगेतली जागा तीच, फक्त फाइल नवीन. दुसरीचं पर्म अर्ध्यात होतं, तिची डेट लागलेलीच नव्हती, ते सगळं पाण्यात. ती आली नाही. तिथेच दुसरी नोकरी बघितली तिनं आणि मला तिचा अजिबात राग नाही. कंपन्या जागेच्या भाड्याचा हिशोब करतात, वीज धरतात, टॅक्स धरतात, पण कोणाच्या फाइलची किती वर्षं वाया जातील ते त्या एक्सेलमध्ये नसतं. आमच्याही नव्हतं. मी बनवलेलं एक्सेल होतं ते.

एकोणीसपैकी आम्ही आठजण आलो. आठ. मला वाटलेलं बारा तरी येतील. बहुतेकांचं कारण एकच, नवऱ्याचं किंवा बायकोचं काय. एम्ससारख्या गावात एकाला नोकरी आहे, दुसऱ्याला त्याच्या क्षेत्रातली मिळेलच असं नाही. माझा नवरा घरून काम करतो म्हणून माझं जमलं, नाहीतर हा रिव्ह्यू दुसऱ्या कोणीतरी लिहिला असता.

आता राज्याबद्दल. चार स्टार दिलेत, आणि ते घरं स्वस्त म्हणून नाही दिलेले.

लोकांना वाटतं शेतीचं राज्य म्हणजे तिथं सायन्स नसणार, आपण जाऊन दिवा लावायचा. उलट आहे. इथे हायब्रिड मक्याच्या बियाण्याची कंपनी हेन्री वॉलेसनं १९२६ मध्ये काढली, तीच पुढं पायोनियर. सरकारी खर्चानं चालणारं देशातलं पहिलं व्हेटरनरी कॉलेज इथलं, १८७९. तुम्ही लॅबमध्ये जे प्रायमर, म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे, संध्याकाळी ऑर्डर करता आणि उद्यापरवा दारात येतात त्यातले कितीतरी आयोवातच कोरलव्हिल नावाच्या गावात बनतात, आयडीटी नावाची कंपनी, १९८७ पासून. मी अकरा वर्षं त्यांच्या नळ्या उघडत होते आणि पत्ता कधी वाचला नव्हता.

आणि आमच्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट. माणसांच्या लसी एफडीएकडे असतात, पण प्राण्यांच्या लसी अमेरिकेत यूएसडीए बघतं, कायदा १९१३ चा, त्या काळी डुकरांच्या कॉलराचं सीरम म्हणून शेतकऱ्यांना वाट्टेल ते विकलं जायचं त्यावरून आलेला. आणि तो कायदा राबवणारं सेंटर फॉर व्हेटरनरी बायोलॉजिक्स कुठाय, तर एम्समध्ये. प्राण्यांच्या रोगांच्या राष्ट्रीय प्रयोगशाळाही शेजारीच. म्हणजे आमचं रेग्युलेटर आधी तीन तासांच्या विमानापलीकडे होतं ते आता गाडीनं दहा मिनिटं. पण थांबा, याचा अर्थ काम लवकर होतं असं मुळीच नाही. कागद पोर्टलमधूनच जातात, उत्तर त्यांच्याच वेगानं येतं, तुम्ही शेजारी राहता म्हणून कोणी फाइल वर काढत नाही आणि काढूही नये. फायदा वेगळा आहे. तिथून रिटायर झालेली, वीस वीस वर्षं हेच वाचलेली माणसं गावात राहतात आणि सल्ला देतात. आमच्या पोटन्सी टेस्टचा, म्हणजे लसीत किती दम आहे ते मोजायच्या टेस्टचा, आराखडा अशाच एका आजोबांनी बघितला, चष्मा वर केला आणि म्हणाले हे पाठवू नका, हा प्रश्न ते विचारणारच, आधीच उत्तर लिहा. बे एरियात हा प्रश्न आम्हाला आठ महिन्यांनी पत्रातून कळला असता.

पीईडी हा डुकरांचा विषाणू मे २०१३ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा आला, दुधावरची पिल्लं जुलाबानं अक्षरशः लाखोंनी मेली, आणि त्याचं निदान करण्यात पुढं होत्या त्या याच गावातल्या लॅब. इथला प्रत्येक डुकरांचा डॉक्टर ते वर्ष आठवतो. त्यामुळे आमचं काम काय हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. ज्या बाईंनी मला इथं बँकेत खातं उघडून दिलं त्यांनी कंपनीचं नाव वाचून विचारलं की लस तोंडातून देता की टोचून, माझ्या भावाकडे तेवीसशे डुकरिणी आहेत. बँकेत हो!

पहिल्यांदा फार्मवर गेले तो दिवस सांगते. आधीच फोनवर विचारलं, गेल्या तीन दिवसांत दुसऱ्या कुठल्या डुकरांच्या जवळ गेला नाहीत ना. दारात बाक. बाकाच्या अलीकडे बूट, घड्याळ, अंगठी, सगळं सोडायचं. मग आंघोळ, केसांसकट, साबण त्यांचा, टॉवेल त्यांचा, पलीकडे गेल्यावर अंतर्वस्त्रांपासून कपडे पण त्यांचेच. ओव्हरऑल एवढा ढगळ की मी पायाला तीन घड्या मारल्या. चष्मा जंतुनाशकानं पुसून काचेच्या छोट्या खिडकीतून आत. सँपलच्या नळ्या पण तशाच, बाहेरचं खोकं बाहेर. येताना परत आंघोळ. मी बीएसएल टू, म्हणजे जंतूंपासून संरक्षणाच्या दुसऱ्या पातळीची, लॅब चालवते आणि माझ्या लॅबमध्ये एवढी शिस्त नाही, हे मी सोमवारी सगळ्यांना ऐकवलं. आणि हे फार्म आमच्या बिल्डिंगपासून गाडीनं पंचवीस मिनिटं. सकाळी रक्त काढलं, अकराला सेंट्रिफ्यूजमध्ये. या एका वाक्यासाठी मी चारातले दोन स्टार दिलेत.

आता त्रास. कोणी ब्रोशरमध्ये लिहीत नाही ते. सप्टेंबर ऑक्टोबरमध्ये कापणी सुरू झाली की हवेत मक्याची आणि सोयाबीनची धूळ, सोनेरी, दिसायला सुंदर, आणि आमच्या एअर हँडलरचे, म्हणजे बिल्डिंगला हवा पुरवणाऱ्या मशीनचे, पुढचे फिल्टर जे तिकडे तीन महिने चालायचे ते इथं तीन आठवड्यांत करडे. पहिल्या वर्षी कळलंच नाही, क्लीनरूमचा प्रेशर अलार्म वाजायला लागला तेव्हा गच्चीवर जाऊन बघितलं तर फिल्टरवर साल चढलेली. आता कापणीचं कॅलेंडर बघून फिल्टर मागवते. त्याच दिवसांत एक तिळाएवढा काळा किडा असतो, पायरेट बग म्हणतात, कापणी झाली की शेतं सोडून बाहेर येतो आणि चावतो. चावतो म्हणजे चांगलाच. लोडिंग डॉकचं दार उघडं ठेवून गप्पा मारायची सवय त्यानंच मोडली. नोव्हेंबरमध्ये शेतात डुकरांचं खत घालतात, वास... जाऊ द्या, इथले लोक त्याला पैशाचा वास म्हणतात, आणि आमचा धंदाही त्याच्यावरच आहे तेव्हा नाक मुरडायला तोंड नाही.

थंडी. १५ जानेवारी २०२४ ला इथं कॉकस होतं, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायच्या पक्षाच्या सभा, आजवरचं सगळ्यात थंड कॉकस, टीव्हीवाले सगळ्या देशाला तेच दाखवत होते. त्याच्या तीन दिवस आधी हिमवादळ. आमचे एन्झाइम आणि मीडिया घेऊन येणारं कुरियर अडकलं ते अडकलंच. गंमत अशी की गोठवलेल्या मालाला काही झालं नाही, पण जे दोन ते आठ डिग्रीत ठेवायचं ते डॉकवर गोठून गेलं. कॅलिफोर्नियात आम्ही माल गरम होईल म्हणून घाबरायचो. इथे उलटं पण घाबरावं लागतं. आता जानेवारी फेब्रुवारीचा माल डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भरून ठेवते, आजी पापड लोणची भरायची तसं.

आणि वीज. जनरेटर नसलेली बिल्डिंग घेऊ नका, कंपन्यांना राज्यात बोलावणाऱ्या स्टेटच्या ऑफिसातले कितीही गोड बोलू देत. १० ऑगस्ट २०२० ला डेरेचो नावाचं सरळ रेषेतलं वादळ या राज्यावरून गेलं, सीडर रॅपिड्समध्ये तर वारा ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास होता असा अंदाज आहे, कित्येक घरांत आठवडा दीड आठवडा वीज नव्हती. आम्ही तेव्हा इथं नव्हतो, पण घर बघायला गेलो तेव्हा प्रत्येक घरमालक आपापलं पडलेलं झाड कुठं होतं ते दाखवायचा. मला पहिली बिल्डिंग दाखवली तिला जनरेटर नव्हता, म्हणे नंतर बसवू. मी म्हटलं आधी बसवा, मग सही.

त्या ऑफिसातल्या लोकांबद्दल म्हणाल तर फोन उचलतात, हे मी अतिशय गंभीरपणे कौतुक म्हणून सांगतेय. पाणी, वीज, इन्स्पेक्टर, कोणाचाही नंबर मागा, संध्याकाळपर्यंत तोच माणूस उलटा फोन करतो. पण टॅक्स क्रेडिटच्या रंगीत फोल्डरला फार भुलू नका. क्रेडिट बहुतेक वेळा नफ्यावरच्या टॅक्समधून वजा होतं आणि आमच्यासारख्या कंपनीला नफा हा शब्द माहीत नाही. भाडं कमी झालं ते खरं, रोज दिसणारं. पगाराच्या हातात येणाऱ्या रकमेतही फरक पडलाय, २०२५ पासून राज्याचा इन्कम टॅक्स सरसकट ३.८ टक्के आहे, तिकडच्यांना सांगितलं की गप्प होतात.

नवीन भरती अर्धी सोपी, अर्धी अवघड. युनिव्हर्सिटीतून निघालेली, डुकराला न घाबरणारी, पहाटे पाचला हसत येणारी पोरं भरपूर, आणि टिकतात, दीड वर्षात कोणी जास्त पगारासाठी रस्ता ओलांडून गेलं नाही कारण रस्त्यापलीकडे मकाच आहे. पण पंधरा वर्षं प्रोसेस डेव्हलपमेंट केलेला माणूस पाहिजे म्हटलं की बाहेरून आणावा लागतो, आणि तो पहिला प्रश्न बायकोच्या नोकरीचा विचारतो, दुसरा एअरपोर्टचा. एक जागा आम्ही सात महिने रिकामी ठेवली. म्हणून एक स्टार कापलाय. माणसांच्या सेल थेरपीवाल्यांनी इथं यायचं का असं मला दोघांनी विचारलं, तर माझ्या मते नको, तुमचे पेशंट, तुमचे डॉक्टर आणि तुम्हाला उद्या लागणारा तज्ञ हे सगळं दुसरीकडे आहे, नुसत्या भाड्यासाठी येऊन पस्तावाल. जनावरं, बियाणं, माती, आंबवण्याचं काम, अन्नातले घटक, यातलं काही असेल तर मात्र बॅग भरा.

परत मूव्हर्सकडे येते. पुढच्या महिन्यात आम्ही पार्किंगपलीकडच्या बिल्डिंगमध्ये जास्तीची जागा घेतोय, दोन फ्रीजर आणि एक हूड तिकडे जाणार, सगळं मिळून तीनशे फूट. क्वोट त्यांच्याकडूनच मागवला, शेवटी रॉलिन्सला मिशीवर बर्फ घेऊन उभा राहणारा माणूस त्यांचाच होता ना. करार आला, परत तीच ‘वेट टाइम’ची ओळ, मी पेनानं आडवी खोडून सही करून पाठवलीये. नऊ दिवस झाले, अजून उत्तर नाही.